दादाचं विरजण

३ फेब्रुवारी, शनिवार

गाडीतून सगळ्यात आधी उतरली ती भिंगरी! एका पायात बूट, दुसरा हातात, आणि तोंड सुरूच — "पणजी, तुमच्याकडे मांजर आहे का?" मी म्हटलं, मला पणजी म्हणशील तर मांजर पळून जाईल, आजी म्हण. लगेच म्हणायला लागली. मग तिची आई उतरली. ती नर्स आहे, उतरल्या उतरल्या माझं मनगट धरून नाडीच बघायला लागली. अगं, आधी नमस्कार तरी कर!

मग बराच वेळ कोणीच उतरेना. नंतर गाडीतून एक काठी बाहेर आली. काठीमागून एक वाळका म्हातारा. मी सुनेला हळूच विचारलं, हे कोण गं? आणि तो म्हातारा मला निरखून म्हणाला, "चिमे, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

चिमी! ह्या जगात मला चिमी म्हणणारा एकच माणूस होता. मला वाटत होतं तो आता वरच भेटणार.

दादा आला. माझा सख्खा थोरला भाऊ. मी विशीतही नव्हते तेव्हा घर सोडून गेला, तो आज नातीचा हात धरून परत आला. नर्सबाई म्हणजे त्याच्या लेकीची लेक. आल्यावर अंगणात खुर्ची टाकली तर त्यानं ती उचलून फिरवली आणि देवळाकडे पाठ करून बसला. म्हणजे काही बदललेलं नाही.

आनंदानं माझी चहाची साखर चुकली. सगळ्यांनी गुपचूप प्यायला.

४ फेब्रुवारी, रविवार

झोप कसली येतेय. चौथी शिकलेली बाई मी, पण आज पान पुरणार नाही असं वाटतंय.

आमचं घराणं घंटा ओतणारं. दादा गेल्यावर मी माहेरीच राहिले. अजूनही मागच्या आवारात आमचा कारखाना आहे, माझा मुलगा चालवतो. लहानपणी बाबा मूस भट्टीतून काढायचे. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. ती साच्यात रिकामी होईपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही असा नियम. आणि दादा नेमका तेव्हाच माझ्याकडे बघून नाक वर करायचा, डोळे तिरळे करायचा. मी ओढणी तोंडात कोंबून उभी. एकदा फिस्सकन हसू फुटलं तर मार मला, आणि दादा बाबांच्या शेजारी संतासारखा उभा! पण नंतर स्वतःच्या ताटातलं सगळं गोड मला द्यायचा. काही बोलायचा नाही, नुसतं ताट सरकवायचा.

कसे दिवस होते. सगळं घर धुरानं काळं आणि सगळे हसरे.

वहिनी आली तेव्हा घर आणखीच हसायला लागलं. ती गोरी नव्हती, नाकीडोळी फार नीटस नव्हती, पण ती बोलायला लागली की चुलीवरचं उतू जायचं, कोणी उठायचं नाही. बाळंतपणात तिला ताप भरला तो उतरेना. तेव्हा दादानं देवाशी सौदा केला. देवळासाठी मोठी घंटा ओततो, तू हिला वाचव. बाबा म्हणाले, "देवाकडे माग, पण अटी घालू नकोस." दादानं ऐकलं नाही.

घंटा अशी झाली की बाबांनाही तशी कधी जमली नव्हती. पहिल्यांदा वाजली तेव्हा दोर दादाच्या हातात होता. आणि इकडे घरी, तेवढ्यातच, वहिनी गेली. तिच्या उशाशी मी होते.

दादा धावत आला. रडला नाही. म्हणाला, "मी एवढ्या मोठ्यानं हाक मारली, तो आला नाही. आता मीही बोलणार नाही." दुसऱ्या दिवशी देवळात चढून घंटेच्या आतला लोळा काढून आणला, म्हणजे घंटेवर आपटतो ना, तो गोळा. त्याचं पुढे काय केलं कोणाला कळलं नाही. बाबांनी विनवलं — "देवाशी भांड, पोरा, हवं तेवढं भांड. पण अबोला धरू नकोस." महिनाही झाला नाही तोच तान्ही लेक घेऊन निघून गेला.

बाबांनी दुसरा लोळा बसवू दिला नाही. म्हणाले, ज्यानं काढला तोच येऊन बसवील. बाबा गेले. देवळाचे दुसरे राखणदार आले, तिसरे आले. आजही आमच्या देवळातली घंटा लाकडी हातोडीनं ठोकतात.

५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी देवळातून ठक ठक झाली तशी भिंगरीनं विचारलं, देवाला खोकला झालाय का? सगळे हसले. दादा चहा अर्धा टाकून उठला.

दुपारी नर्सबाईनं भांडी पुसता पुसता सांगितलं. तिची आई, म्हणजे दादाची लेक, बापाशी बोलत नाही. लग्न देवळात लावलं म्हणून हा गेला नाही. सगळी वऱ्हाडी मंडळी मागे वळून वळून दाराकडे बघत होती म्हणे. तेव्हापासून तीही बोलत नाही. बाप कसा तशी लेक! मग हा एकटा राहिला, पडला, पाय मोडला, तेव्हा नातीनं उचलून घरी आणलं. तिनं विचारलं, आजोबा, कुठे जायचंय का? तर म्हणाला, चिमीकडे.

देवाशी धरलेला अबोला एकट्या देवापाशी थांबत नाही हेच खरं. आधी देव, मग बाबा, मग मी, मग पोटची पोर. मी पाठवलेली पत्रंसुद्धा न फोडता परत यायची.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

दादा आपणहून कारखान्यात गेला. काठी टेकत टेकत, जणू सहज. मीही भाजी निवडायचं निमित्त करून दाराशी बसले. मुलानं त्याला साचे दाखवले, दादानं ह्याची माती ओली, त्याचा काठ जाड, असं सुरू केलं. मुलगा हो मामा, हो मामा करत होता. मला वाटलं बाबाच आले.

मग दादा बसला आणि म्हणाला, "माझ्या हातून पुन्हा एकही घंटा वाजली नाही. तिकडे कारखाना काढला. साचा इथलाच, माप इथलंच. प्रत्येक घंटा बद्द! फोडायचो, पुन्हा मुशीत टाकायचो, पुन्हा बद्द. शेवटी नळ आणि कड्या ओतून पोट भरलं. त्यानं सूड घेतला माझ्यावर."

माझा मुलगा काही फार बोलणारा नाही. त्यानं हात पुसत विचारलं, "विरजण कुठलं होतं मामा?"

ही आमच्या घराण्याची रीत. प्रत्येक ओतकामातला थोडा धातू वेगळा काढून ठेवायचा आणि पुढच्या मुशीत घालायचा. कालचं दही आजच्या दुधाला लावतो तसं. म्हणून आम्ही त्याला विरजणच म्हणतो. घर सोडलं तरी आमचा माणूस विरजण सोडत नाही.

"इथलंच," दादा म्हणाला. "जाताना घेतलं होतं."

"कुठल्या ओतकामातलं?"

दादानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली.

मग सांगितलं. इथल्या शेवटच्या मुशीत त्यानं तो लोळा टाकला होता. रागानं. वितळून जा म्हणाला. आणि लोळ्याच्या पोटात वजनासाठी शिसं भरलेलं असतं! शिसं घंटेत गेलं की आवाज मेला, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्याच मुशीतलं विरजण घेऊन हा गेला. ते पहिल्या घंटेत गेलं. ती फोडून दुसरीत. दुसरी फोडून तिसरीत. शिसं काही घर सोडेना.

"आणि मी म्हणत होतो, त्याचा शाप," दादा म्हणाला.

दोष द्यायला देव सापडला की माणूस मुशीत कशाला डोकावेल? हे मी बोलले नाही, इथे लिहिते. त्याचा चेहरा बघून बोलवलं नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

दादा जेवला नाही. भिंगरीनं तिच्या ताटातलं गोड त्याच्यापुढे सरकवलं. काही न बोलता! हिला कोणी शिकवलं?

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज त्याची खुर्ची बाजूला वळलेली होती. देवळाकडे तोंड नाही, पण पाठही नाही.

मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, दादा, तुझा एक निरोप माझ्याकडे पडून आहे, तू कधी घेतलाच नाहीस. कोणाचा म्हणाला. वहिनीचा म्हटलं.

त्या दिवशी तो दारातून आला तो ओरडतच. नंतर माझ्याशी शब्द नाही. पत्रं परत. मी कुणाजवळ सांगणार होते? वहिनीनं घंटा ऐकली होती. पहिला टोल झाला तसे डोळे उघडले. ताप असून हसली. म्हणाली, "वाजली गं. किती गोड वाजली." मग बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, "ह्यांना सांग, हिला रोज ऐकवा." आणि मग गेली. घाबरून नाही गेली, कण्हत नाही गेली. ऐकत गेली.

दादा म्हणाला, "तिनं ऐकली?"

हो म्हटलं.

"मला वाटायचं तो आलाच नाही."

मी अडाणी. देव येतो कसा, जातो कसा, मला काय ठाऊक. मी म्हटलं, "मी तिथेच होते रे दादा. खोली रिकामी नव्हती वाटली."

मग तो रडला. त्या दिवशीचं राहिलेलं. नर्सबाई धावत आली, नाडी बघायला लागली, मी तिला खुणेनं पिटाळलं. ह्याला औषध नसतं बाई.

चहा दोनदा झाला. संध्याकाळी त्यानं विचारलं, "बाबांचं विरजण उरलंय का गं कुठे?"

उरलंय म्हणजे काय! मोठ्या घंटेच्या मुशीतलं बाबांनी खास त्याच्यासाठी वेगळं काढून ठेवलं होतं. तो येईल तेव्हा द्या म्हणाले होते. जड आहे म्हणून सुनेनं स्वयंपाकघराच्या दाराला अडकण लावलंय. भिंगरी ह्या सहा दिवसांत त्याला तीनदा ठेचकाळली!

दादानं ते दोन्ही हातांत घेतलं. दार धाडकन आपटलं. कोणी उठलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

ओतलं!

बाबांचं विरजण, नवा धातू आणि हातात मावेल एवढी घंटा. साचा दादानं केला, मूस मुलानं धरली. कोणी एक शब्द बोललं नाही. धातू साच्यात उतरत होता आणि मी सहज वर बघितलं. दादानं डोळे तिरळे केले! ह्या वयात! मी पदर तोंडात कोंबला तरी फिस्सकन झालंच. मुलगा माझ्यावर डाफरला, आणि दादा शेजारी संतासारखा उभा.

गार होईस्तोवर दादा साच्यापासून हलला नाही. माती फोडली, घासली, आत इवलासा लोळा टांगला. "तू वाजव," मला म्हणाला. त्याचा हात होईना. मी म्हटलं, तुझी आहे, तूच वाजव.

वाजली. अशी वाजली की शेजारीण चूल सोडून कुंपणाशी आली. आवाज जाईचना, फिरत फिरत अंगणभर राहिला.

नर्सबाईनं गुपचूप आईला फोन लावला होता. फोन पुढे धरून म्हणाली, आई, ऐक. दादानं पुन्हा वाजवली. मग दादा त्या फोनजवळ वाकला. "बाळे, तुझ्या आईनं हे तुला रोज ऐकवायला सांगितलं होतं. माझ्याकडून राहिलं." मला वाटलं फोन तुटला. मग आतून आवाज आला, अगदी वहिनीचा — "पुन्हा वाजवा."

११ फेब्रुवारी, रविवार

पाहुणे गेले. म्हणजे नर्सबाई आणि भिंगरी गेल्या, छोटी घंटा गाडीच्या खिडकीतून वाजवत. दादा गाडीत बसला नाही. त्याला मोठ्या घंटेचा लोळा करायचाय.

मग काठी घेऊन देवळात गेला. मीही मागोमाग. घंटेखाली उभा राहून राखणदाराला म्हणाला, लोळा झाला तरी माझी लेक येईस्तोवर दोराला कोणी हात लावायचा नाही. मग मान वर करून, शेजारच्या माणसाशी बोलावं तसा — "थांबलास ना इतका? अजून थोडं थांब."

नर्सबाई तिच्या आईला घेऊन येतेय, पंचवीस तारखेला. रविवार.