दुपारच्या रक्ताची नळी

प्रति,
प्रमुख, रक्तनमुना भांडार,
औषध संशोधन संस्था.

विषय : नष्ट करावयाच्या नमुन्यांपैकी एक नळी त्याआधी उजेडात धरून पाहण्याबाबत.
संदर्भ : माझा आधीचा अर्ज, ‘दात्याची सही नाही’ या शेऱ्यासह परत आलेला.

महोदय,

माझे वडील आपल्या संस्थेत संशोधक होते. रक्तातल्या चरबीच्या कणांना औषध कसे चिकटते आणि उंदीर, कुत्रा, माणूस यांच्यात ते कसे बदलते, हा त्यांचा विषय. घरी सांगत, “पाहुणा तोच, पण घर बदललं की त्याची बसायची जागा बदलते.” तुलनेसाठी माणसाचे रक्त विभागातील मंडळीच पाळीपाळीने देत, कधी उपाशीपोटी, कधी जेवून.

शेवटच्या दिवशी पाळी वडिलांची होती. दुपारी त्यांनी रक्त दिले आणि संध्याकाळी संस्थेच्या जिन्यात कोसळले, ते उठलेच नाहीत. त्या रक्तावरचे वेगळे काढलेले पाणी असलेली नळी आपल्या शीतपेटीत गोठवून ठेवलेली आहे. चिठ्ठीवर ‘मानव, पुरुष’ आणि तारीख आहे. ‘उपाशी’ की ‘जेवून’ यावर खूण करायची राहिली. रक्त काढणाऱ्या परिचारिकेला आठवत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही.

त्या सकाळी आईचा व त्यांचा खटका उडाला होता. “तुमच्या उंदरांना वेळेवर खायला मिळतं, मी मात्र ताट वाढून बसायचं!” असे म्हणून तिने वाढलेले ताट उचलले. ते तसेच कामावर निघून गेले. तेव्हापासून आई पानावर बसते, घास चिवडते आणि उठते. “माझ्यामुळे उपाशी गेले गं ते,” एवढेच म्हणते.

जेवलेल्या माणसाच्या रक्तावरचे पाणी दुधाळ दिसते, उपाशी माणसाचे नितळ पिवळे, हे वडिलांनीच मला लहानपणी दाखवले होते. रक्त देण्याआधी संस्थेच्या उपाहारगृहात त्यांनी पोटभर खाल्ले असेल, तर ते त्या नळीत अजून आहे.

आपले लिपिक म्हणाले, “ताई, दात्याची सही आणा.” दाता हयात नाही म्हटल्यावर, “मग वारसाचा दाखला.” तो आणला, तेव्हा नमुना ही मिळकत नसल्याने त्याला वारस नसतो, असे कळले. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. नळी मला नको, अहवालही नको. ती वितळू द्यावी आणि कुणीतरी खिडकीपाशी धरून पाहावी, एवढेच.

दुधाळ असल्यास सोबतच्या कार्डावर ‘जेवले होते’ असे लिहून, संस्थेचा शिक्का मारून ते आईला पाठवावे. वडिलांच्या शब्दापेक्षा तिचा शिक्क्यावर नेहमीच जास्त विश्वास होता.

नितळ असल्यास घरी काहीही पाठवू नये. मला कामाच्या ठिकाणी फोन करावा. रक्त उपाशीपोटी द्यायचे होते म्हणूनच ते न खाता गेले, असे मी आईला सांगेन. तेही खरे असू शकेल.

आपल्या फोनची अथवा कार्डाची वाट पाहणारी,
त्यांची मुलगी

दिनांक : ९ सप्टेंबर

सोबत :
१. आईचा पत्ता लिहिलेले कार्ड
२. वारसाचा दाखला (उपयोग नाही, तरीही)