पणजीच्या नावाने पाणी

६ मार्च १९८४, चँडलर
ऑफिसात शेजारच्या टेबलावरील कृष्णवर्णीय अमेरिकी सहकारी क्वामे याच्या मातोश्री रविवारी ख्रिस्तवासी झाल्या. चाळीस वर्षे चर्चच्या गायनवृंदात. चिरंजीवांनी बाप्तिस्म्याचे 'चार्ल्स' हे नाव त्यागून आफ्रिकी नाव धारण केले. मातोश्री अखेरपर्यंत 'चार्ल्स'च म्हणत. दफनाच्या वेळी पूर्वजांची नावे घेऊन भूमीवर पाणी सोडण्याचा त्याचा संकल्प. साक्षात तर्पण! चौदा वर्षांच्या अमेरिकावासात प्रथमच काही समजावून घ्यावे लागले नाही.

७ मार्च
पास्टरमहाशयांचा निवाडा: विधर्मी प्रथा. पाणी सोडलेस तर चर्चची दारे बंद.
थोरली भगिनी रूथ फोनवर: "आई येशूचं नाव घेत गेली, चार्ल्स. तिला मागे ओढू नकोस."
क्वा.: "तिच्या आजीला ज्यांनी गुलाम म्हणून विकलं, तेही येशूचंच नाव घेत होते."
फोन आपटला. अस्मादिक टायपरायटरमागे.

८ मार्च
लंच. नावांची उजळणी. आई, आजी... पुढे पणजी, विकली गेलेली ती हीच. नाव अज्ञात. उरले केवळ मालकाचे आडनाव.
येथे आमचे औदार्य उफाळून आले. "गोत्र ठाऊक नसेल तर आमच्यात काश्यप म्हणतात. तूही म्हण."
त्याने सँडविच खाली ठेवले. "मालकाचं नाव टाकायला अर्धं आयुष्य गेलं. आता तुझ्या ऋषीचं लावू?"
पांडित्य तत्काळ डब्यात बंद.
घरी सौ.: "बरं झालं. कुणी मागितलं होतं?"

१० मार्च
दफन. 'आमेन' होताच क्वा. पाण्याचे भांडे घेऊन पुढे.
पास्टर: "चार्ल्स!"
"क्वामे."
आईचे नाव, पाणी. आजीचे नाव, पाणी. वाळवंटी माती क्षणात प्याली. मग, "आणि जिचं नाव कुणी राखलं नाही, ती—"
"राखलंय," रूथ म्हणाली. "आईनं मला सांगितलंय."
त्याचा हात तसाच अधांतरी. "सांग."
"ते भांडं खाली ठेव. मग सांगते."
नाही ठेवले. तिसरे पाणी निनावीच सोडले. रूथ पाठ फिरवून गाडीकडे. ती रडत होती, तोही. सांत्वनपर भाषण तयार होते, खिशातच राहिले.

१२ मार्च
काल क्वा. चर्चला गेलाच. दारावरच्या गृहस्थांनी अडवले. "माझ्या आईचा बाक आहे," म्हणून आत जाऊन बसला. रूथ गायनवृंदातून पाहत होती.
"पुढच्या रविवारी?" मी.
"जाणार. ती नाव सांगेपर्यंत दर रविवारी. आणि भांडं घेऊन."