आईचं मूळ गाव

आई, तुझं गाव सापडलं. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, आणि तेही जपानात बसून. तुझ्या देवाला वेळेचं भान कधीच नव्हतं.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. तू पोळ्या लाटते आहेस, एकही धड गोल नाही, आणि पाटावर बसलेली आत्या विचारते आहे, "वहिनी, तुमचं मूळ गाव कुठलं हो? कुलदैवत?" आत्या मनाने वाईट नव्हती. आपल्याकडे नव्या माणसाला हेच विचारतात आणि कुठेतरी नातं जुळवतात. तुझं काही जुळतच नसे. तुझे पणजोबा आयर्लंडहून गोऱ्या पलटणीत शिपाई म्हणून आले, मग रेल्वेत लागले, इथेच संसार थाटून राहिले, एवढंच तुम्हाला ठाऊक. "कॉर्क," तू सांगायचीस. "ते शहर झालं, गाव कुठलं?" आत्याचं चालूच. तू पोळी तव्यावर टाकायचीस. पुढे कॉर्कच्या एकेका चर्चला तू पत्रं पाठवलीस. असं कुणी इथे नव्हतं, अशी सभ्य उत्तरं यायची, आणि मग दिवसभर तू तीच पुन्हा पुन्हा वाचत बसायचीस. एवढं काय त्या गावाचं, असं मला वाटायचं. आता इथे जपानात, हिगाशी-कसाईच्या घरात माझी लेक जपानीत विचारते, आपण नक्की कुठले, तेव्हा मीही नुसती पोळी तव्यावर टाकते.

यंदा ओबोनच्या सुट्टीत ऑफिस ओस पडलं. पूर्वजांच्या थडग्यांवर पाणी घालायला सगळे जपानी आपापल्या गावी गेलेले. उरलो आम्ही दोन परदेशी, मी आणि एक आयरिश सहकारी. कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून आणलेला भात खाता खाता त्याला तुझी गोष्ट सांगितली, तुझ्या पूर्ण नावासकट. ते मधलं नाव, ज्यावरून कॉलनीतली मुलं तुला चिडवायची आणि जे तुमच्या घरात प्रत्येक पिढीत एका मुलीला ठेवायचेच. तो खायचा थांबला. "हे कॉर्कचं नाव नाही. आमच्याकडच्या एका लहानशा पॅरिशच्या संतिणीचं आहे. त्या पॅरिशबाहेर हे नाव कुणी ठेवत नाही." पॅरिश म्हणजे त्यांचं गाव आणि देऊळ एकत्रच. ज्योतिबाच्या डोंगराखाली घराघरांत एक ज्योतिराम असतो, तसंच हे. तुझं कुलदैवत जन्मभर तुझ्या नावातच होतं आणि आत्याला ते कुणी सांगू शकलं नाही. त्याच्या मावशीने तिथल्या फादरना विचारलं. पणजोबांचा बाप्तिस्मा तिथलाच निघाला. त्यांच्या आईचं नाव तुझंच. कॉर्कहून त्यांचं फक्त जहाज सुटलं होतं. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तुला हे कळायला हवं होतं.

रविवारी बाबांना सांगायला म्हणून फोन लावला. तेच आधी बोलायला लागले.

"काल तुझ्या आईकडे जाऊन आलो. दगड पुसला. आत्यालाही नेलं होतं."

थडग्याच्या दगडावर तुझ्या नावाखाली 'कॉर्क' कोरून घ्यायला ते चर्चवाल्यांशी भांडले होते, हे तुला माहीत नाही. आमच्यात माणसाची ओळख गावावाचून पुरी होत नाही, म्हणाले होते.

"आत्या काय म्हणाली?"

"वाचलंन तिने. हात जोडलेन. म्हणाली, वहिनींना गाव मिळालं एकदाचं." बाबांचा आवाज ओला झाला. "तेवढं एक तरी मला करता आलं गं तिच्यासाठी."

मी म्हटलं, "हो बाबा."

पुढच्या महिन्यात ते इकडे राहायला येतायत. टेबलावरचे कागद चाळायची त्यांची सवय काही गेलेली नाही. तुझं गाव तुला सांगायचं म्हणून मी हे लिहायला बसले, आणि बघ, त्याचं नाव यात कुठेच लिहिलं नाही.