सतरा त्रिक पन्नास

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. एका संख्येपायी आहे तो. एकतीस, तीनशे एकतीस, तीन हजार तीनशे एकतीस. पुढे तीन वाढवत जा, शेवटी एक ठेवा, दर वेळी मूळ संख्याच येते, तिला कशानेच भाग जात नाही, असं तुम्ही सातवीला शिकवलंत. सात तिनांपर्यंत ते खरंही आहे. आठवा तीन लावला की होतात तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस, आणि तिथे तुमचा नियम तोंडावर आपटतो. परळीत आमच्या गच्चीवर थर्मल वीजकेंद्राची राख साचायची, तिच्यात मी बोटाने भागाकार करत बसायचे. तीन, सात, अकरा, तेरा, कशानेच जाईना. सतराने गेला. बाकी शून्य! मी ओरडत जिना उतरले, तर अम्मीला वाटलं विंचू चावला.

दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी. साहेबांसमोर सगळ्यांनीच हात वर करायचा, येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा, आणि तुम्ही फक्त उजव्यांना विचारणार, हे तुम्हीच आमच्याकडून घोटवून घेतलं होतं. तुम्ही विचारलंत, "किती बी तीन लावले तर काय येतं?" माझा उजवा हात वर. "दर वेळी मूळ संख्या येत न्हाई सर. आठ तीन लावले की सतरानं भाग जातो." साहेब म्हणाले, "करून दाखव." मी फळ्यावर करत गेले. शेवटी एक्कावन्न उरले, तेव्हा तुमच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. सतरा त्रिक एक्कावन्न मला झोपेतही येत होतं. मला तुमची दया आली. मी पन्नास लिहिलं आणि बाकी एक काढली. वर्ग फिदीफिदी हसला, साहेब हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने तुम्ही हसलात.

मला वाटलं, साहेब गेल्यावर तुम्ही जवळ बोलवाल, एखादा शब्द बोलाल. तुम्ही बीडच्या गणित परीक्षेच्या यादीतून माझं नाव खोडलंत आणि वर अब्बांच्या गॅरेजवर जाऊन सांगितलंत, "पोरीला सतराचा पाढा येत न्हाई. लई शिकवून काय करता? शिलाईला घाला." अब्बांनी ऐकलं. ते तुम्हाला फार मानायचे. मी अजून ब्लाउजच शिवते. पन्नास मी मुद्दाम लिहिलं हे तुम्हाला कळलं होतं, सर. याला हलकटपणा म्हणतात.

परवा नातीला ती संख्या मोबाईलवर घालायला सांगितली. क्षणात उत्तर आलं: सतरा गुणिले एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस, आणि दोन्ही मूळ संख्या. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, "नानी, तुला हे कुणी शिकवलं?" हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून कबूल करते. मी म्हटलं, "आमच्या सरांनी."