पणतवाचा हिरवा मोजा

अहो पणजोबा,

यादविगाचा नमस्कार. हो, आता पणजोबाच म्हणायचं तुम्हाला. मी इकडे पोलंडात सुखरूप पोचले आणि झोस्काला मुलगा झाला. आपली नात आई झाली हो. बाळ रडतं अगदी तुमच्यासारखं, पोटात काही पडेपर्यंत.

गाय दूध देते ना? दुखऱ्या गुडघ्याला कोबीचं पान बांधता का, की मी नाही म्हणून उंडारता?

झोस्काचा आणि बाळाचा फोटो मात्र पाठवत नाही. आपल्याकडचे शिपाई सीमेवर येणाऱ्या सगळ्यांचे फोन उघडून बघतात. निवडणुकीवर चार ओळी लिहिल्या म्हणून पोरीला देश सोडावा लागला. तिचा फोटो सापडला तर पोलिसांची गाडी तुमच्या दारात यायची.

म्हणून बाळाच्या मापाचा मोजा विणला. पांढरा, मधे लाल पट्टा. झोस्कानं कपाळाला हात लावला. "आजी, अगं आपल्याकडे बंदी घातलेला झेंडाच विणलास की. आजोबांना तुरुंगात धाडतेस का?"

मी म्हटलं, "जाऊ देत, तिथे तरी वेळेवर जेवतील."

किती दिवसांनी हसली पोरगी. मग सगळा उसवला आणि काकडीसारखा हिरवा विणला.

मोजा आणि हे पत्र बसवाल्या मिखासच्या हाती देते आहे, टपालातलं आपल्याआधी दुसरेच वाचतात. मोज्यात अंगठा घालून बघा, एवढुस्सा पाय आहे.

पत्र वाचून चुलीत घाला. मोजा उशाशी ठेवा. जोडीतला दुसरा त्याच्या पायात आहे.

तुमची म्हातारी,
यादविगा