गुडघाभर पाण्यात

प्रिय मासोळी,

आधी बातमी सांगते, मग पोटभर हसून घे. तुझी ही ताई एकसष्टाव्या वर्षी पोहायला शिकते आहे. रोज सकाळी सातला, निळ्या फरशीच्या तलावात, माझ्यासारख्याच चार पोक्त बायकांबरोबर. आमच्या शिकवणाऱ्या बाई वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण आवाज असा की पाण्यानेसुद्धा वचकून राहावं. पहिल्या दिवशी मी त्यांना हात कसा फिरवायचा, श्वास कुठल्या क्षणी घ्यायचा, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मावशी, पाठांतर छान आहे, आता तोंड पाण्यात घाला. तेवढं जमायला मला नऊ दिवस लागले.

बाबांनी आणलेलं ते पोहण्याचं पुस्तक आठवतं तुला? मला सोळावं होतं, तुला दहावं. मी स्टुलावर पालथी पडून, एकेक चित्र बघत हातपाय मारायचे आणि तू शेजारी बसून खिदळायचीस. तू त्या पुस्तकाला हात म्हणून लावला नाहीस. घरामागच्या तळ्यात सरळ उडी मारलीस, चार घोट पाणी प्यायलीस आणि आठवड्याभरात त्या पाण्याचीच झालीस. संध्याकाळी तुझ्या ओल्या केसांना शेवाळाचा वास यायचा. त्या वासात मला झोप लागायची आणि मग स्वप्नात मी पोहायचे. काय सुरेख पोहायचे गं! पाणी कोमट असायचं, खाली तळाशी आपलंच घर दिसायचं, दिवे लागलेले, आई पोळपाटाशी उभी, आणि मी तिच्या डोक्यावरून अलगद पुढे जायचे.

हल्ली जागेपणीही कधी कधी तसं होतं. परवा मी पाठीवर तरंगले. बाईंचा हात मानेखाली होता, तो त्यांनी कधी काढून घेतला ते कळलंच नाही. कान पाण्याखाली गेले, जगाचे आवाज लांब लांब होत गेले, छताच्या काचेतून आलेलं ऊन पापण्यांवर हलत राहिलं. अंग सैल सोडलं की पाणी आपोआप उचलतं, असं पुस्तकात होतं. शेकडो वेळा वाचलं होतं मी ते. खोटं नव्हतंच, फक्त माझ्या पाठीपर्यंत ते कधी पोचलं नव्हतं.

आणि तशी तरंगत असताना तो दिवस समोर आला, तुझा पाय वेलींत अडकला तो. ती गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ताईने धावत जाऊन नावाड्याला बोलावलं, त्याने तुला बाहेर काढलं, तो बिचारा नुसता डोक्याला हात लावून बसला, आणि ताईने पुस्तकातल्या शेवटच्या धड्याप्रमाणे तुझ्या तोंडात श्वास भरला. यातलं शेवटचं खरं आहे. तेवढं मी केलं, एकदाही न चुकता.

काल तू फोनवर म्हणालीस की तुझ्या नातीला शाळेत शूर माणसावर निबंध लिहायचाय आणि ती माझ्यावर लिहिते आहे. म्हणून हे पत्र. मी नावाड्याला बोलावलं नव्हतं गं. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. तुझा हात दोनदा वर आला. कसं जायचं, कुठून धरायचं, मला सगळं ठाऊक होतं, आणि पाय उचलेना, तोंडातून हाकसुद्धा फुटेना. नावाड्याने पलीकडच्या काठावरून आपणहून पाहिलं. घरी आईने विचारलं, तूच बोलावलंस ना त्याला? मी मान डोलावली. पंचेचाळीस वर्षं तो होकार मी मागे घेतलेला नाही. नातीला खरं काय ते सांग, मग तिला लिहायचं ते लिहू दे. तुला राग येईल, तो पुरता येऊ दे. ओसरला, तर सुट्टीत ये. आपण दोघी पाण्यात उतरू. मला अजून जेमतेम वीस हात पोहता येतं, पण तेवढं तुझ्या शेजारून पोहायचं आहे.

तुझीच,
ताई