मोटार शिकायला सोडलेली नोकरी

बाबा,

अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातली नोकरी मी तुला न विचारता सोडली, असं तू गावभर सांगत होतास. ते अगदीच खरं नाही. मी विचारलं होतं, फक्त राजीनामा देऊन आल्यावर. तू अंगणात बैलगाडीच्या आसाला वंगण लावत होतास. मी म्हटलं, निर्वासितांच्या कॅम्पात मोटार चालवायला शिकवतात, दोन महिने दिवसभर जावं लागेल, जाऊ का? तू विचारलंस, मग अंबरनाथचं काम? मी वंगणाचं डबडं तुझ्याकडे सरकवलं आणि तेवढ्यावरून तुला सगळं समजलं. तू हात पेंढ्याला पुसलेस. म्हणालास, "बैल चुकला तरी घरची वाट त्याला ठावी असते. तुज्या मोटारीला काय ठावं हाय?" आणि पुन्हा आसाकडे वळलास. चांगला फैलावर घेतला असतास तर बरं झालं असतं, निदान मला तुझ्यावर रागावता आलं असतं.

ती नोकरी लागावी म्हणून तू काय काय केलंस ते मला माहीत होतं. मोरिवलीत राहणाऱ्या कारखान्याच्या मुकादमाकडे दोन वर्षं नवे तांदूळ पोचवलेस, त्याच्या मुलीच्या लग्नात गाडी जुंपून वऱ्हाड आणलंस. मी कायम झालो तेव्हा बदलापूर गावात घरोघर गूळ वाटलास. आणि मी तिथे दिवसभर काय करायचो, तर काडेपेट्यांचे पुडे बांधायचो. अंगाला काड्यांच्या गुलाच्या मसाल्याचा वास यायचा, भाकरीलाही तोच. जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर बसलं की कॅम्पाकडे जाणारे ट्रक दिसायचे, लष्कराने लिलावात काढलेले, रंग उडालेले. एका हाताने चाक फिरवत जाणारा माणूस मला राजा वाटायचा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच, पण विशीत कोणाला म्हणी सुचतात? मी सुरुवातीला मोटार शिकवणाऱ्या उस्तादांना विचारलंही होतं की कारखान्यातली पाळी करून आलो तर चालेल का. ते म्हणाले, "अरे साईं, आधे दिन का ड्राइवर आधे रास्ते में मरता है." दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला.

उस्ताद सिंधी, फाळणीत कराची सोडून आलेले. तिकडे त्यांच्या तीन गाड्या होत्या म्हणे. इथे बरॅकीतली अर्धी खोली आणि एक जुना ट्रक, तीच त्यांची शाळा. आम्ही पाच जण शिकायला होतो. सकाळ ट्रक चालू करण्यातच जायची, हँडल मारून मारून खांदे भरून यायचे. दुपारी एकेकाची पाळी. मी वाईट शिकत नव्हतो बाबा, हे खरंच सांगतो. उस्ताद माझ्याशेजारी बसून डुलक्या काढायचे, बाकीच्यांच्या शेजारी त्यांचा डोळा लागत नसे.

दुसऱ्या महिन्यात तू बदललास. बदललास म्हणजे काय, तुला दुसरी वाट उरली नव्हती. ज्यांचं गवत तू वाहायचास ते व्यापारी ट्रक लावू लागले होते आणि तुझी गाडी आठवड्यातून चार दिवस अंगणातच उभी असायची. तू लोकांना सांगायला लागलास की आता पोरगा मोटार हाकील आणि मी बसून खाईन. मला ते ऐकायला गोड लागायचं, हेही कबूल करतो.

परीक्षेचा दिवस अजून लख्ख आठवतो. ठाण्याहून साहेब आलेत, माझ्या शेजारी बसलेत. मागे उस्ताद उभे आहेत. मी गाडी सुरेख काढतो, वळवतो, उताराला लागतो. आणि एक म्हैस आडवी येते. ब्रेक कुठे आहे हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण माझं अंग मागे झुकतं, मी दोन्ही हातांनी ते चाक कासऱ्यासारखं छातीशी ओढतो आणि बैल थांबवायला ओरडतात तसा जीव खाऊन ओरडतो, "हो, हो, हो!" पाय पुढे रेटलेले, जसे तुझ्या शेजारी बसून लहानपणापासून रेटत आलो. उजव्या पायाखाली ब्रेक नव्हता, वेग होता. म्हैस सावकाश निघून गेली आणि आम्ही नाल्यात गेलो. कोणाला लागलं नाही. साहेबांनी विजार झटकली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि चालत निघाले. ट्रकचा आस मोडला होता. उस्ताद वाकून त्याला हात लावून बघत होते. मला शिवी देतील म्हणून मी वाट पाहत होतो, पण त्यांनी दिली नाही. तो ट्रक पुन्हा उभा राहिला नाही. शाळा बंद झाली, त्यामुळे पुन्हा परीक्षेला बसायचा प्रश्नच मिटला.

घरी आलो तर गोठा रिकामा. तू उंबऱ्यावर बसला होतास. म्हणालास, "बैल दिले. वांगणीचा मानूस हाय, मारनार नाय त्यांना. तुजं झालं ना?"

मी म्हटलं, "झालं."

दुसरं काय म्हणणार होतो? कारखान्यात माझ्या जागी माणूस घेतला होता. मुकादमाने मला दारात उभंही केलं नाही. मग कॅम्पातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावर ट्रकमध्ये गोण्या चढवायला लागलो, आणि तुला सांगितलं की त्याच व्यापाऱ्याचा ट्रक चालवतो. ड्रायव्हरच्या शेजारीही मला कधी कोणी बसवलं नाही.

आठ महिन्यांनी एकदा मी भाकरी घरी विसरलो आणि तू ती घेऊन बदलापूरहून चालत कॅम्पात आलास. गोदामापाशी जाऊन तिथल्या माणसाला माझं नाव सांगितलंस, म्हणालास माझा पोरगा इथं ड्रायव्हर हाय. तो हसला. "ड्राइवर? वो तो हमाल है." तू भाकरीचं फडकं घट्ट बांधलंस. मग म्हणालास, "मंग त्यो दुसरा कोनी आसंल." आणि भाकरी तशीच घेऊन परत फिरलास.

त्या संध्याकाळी तू नेहमीसारखं विचारलंस, आज कुठवर? मी म्हटलं, खोपोलीच्या पुढे. घाट चढलास? चढलो. पौषात तू गेलास, तोवर रोज हेच चाललं. अर्ध्या चढावर गाडीला दम खाऊ देत जा, असंही तू सांगायचास, आणि मी मान डोलवायचो.

याला आता चाळीस वर्षं झाली. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. पण एक गोष्ट तुला कधीच कळली नाही, ती लिहून ठेवतो. तू गोदामावर आलास तेव्हा मी गोण्यांच्या थप्पीमागे उभा होतो, तुझ्यापासून दहा पावलांवर. सगळं ऐकलं मी. तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, बाबा, आणि तरी मी रोज संध्याकाळी तुला घाट चढल्याचं सांगत राहिलो.